उपासाच्या दिवशीची गोळी

डॉक्टर सोलापूर सोडून गावी गेले, तेव्हा त्यांचा निरोप समारंभ झाला आणि एकामागून एक वक्त्यांनी उठून सांगितलं की ते देवमाणूस होते. मी मागच्या रांगेत दात खात बसले होते. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की त्याच्याबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही, म्हणून हा शब्द काढतात. स्पष्टच लिहिते. ते देवमाणूस नव्हते. तिरसट होते, हट्टी होते, पेशंटच्या नातेवाइकांना तोंडावर अडाणी म्हणायचे. आणि एकदा त्यांच्या हातून अशी एक चूक झाली, की तिच्यापायी माझी मामी जाता जाता वाचली. त्या चुकीचा समारंभात कुणी उच्चारही केला नाही. ते ती स्वतः सगळ्यांना सांगत सुटायचे, ही गोष्टही कुणी सांगितली नाही. म्हणून मी लिहायला बसले.

ते सर्जन होते. अतिवजनाच्या लोकांचं, वजन कमी करायचं ऑपरेशन करायचे. स्वतः मात्र वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे आणि राउंड घेताना एकेक तोंडात टाकत चालायचे. माझी त्यांची गाठ पडली ती भांडणातूनच.

आमचा आरोग्याच्या हक्कांसाठी काम करणारा एक गट आहे. त्या वर्षी आम्ही एक पत्रक काढलं होतं. काही दवाखाने वजनाच्या ऑपरेशनसोबत पित्ताशयही काढायची जाहिरात करत होते, एकात दोन. खडे असोत नसोत, काढून टाका, पुढं कटकट नको. जत्रेत एका फुग्यावर एक फुगा फुकट देतात तसं. आम्ही लिहिलं होतं, "तुमच्या पोटात हात घालण्याआधी त्यांना कारण विचारा." मी ते पत्रक शहरातल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यासमोर उभी राहून वाटत होते. बहुतेक ठिकाणी वॉचमन अंगावर यायचा. यांच्या फाटकाशी मात्र ते स्वतःच बाहेर आले.

"हितं काय वाटलालीस?"

मी पत्रक पुढं केलं. भर उन्हात उभं राहून त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मी भांडायच्या तयारीत. ते म्हणाले, "मिळमिळीत आहे."

मग त्यांनी मला फाटकातच धडा दिला. म्हणाले, नुसता राग छापून काय उपयोग, पित्ताशय म्हणजे काय ते तरी लिही. लिव्हरच्या खाली एक छोटी पिशवी असते, तिच्यात पित्त साठतं. आपण जेवलो की ती आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. ऑपरेशननंतर वजन झपाट्यानं उतरतं, तेव्हा अंगातली चरबी विरघळून त्या पित्तात उतरते. त्यात माणूस खातो चिमणीएवढं, त्यामुळं पिशवी आवळत नाही, पित्त साचतं, घट्ट होतं, त्याचे खडे बनतात. ही भीती खरी आहे, तेवढ्यासाठी त्या लोकांना खोटारडे म्हणू नको. पण खडे सगळ्यांना होत नाहीत. होतात त्यातल्याही पुष्कळांना ते कधी त्रास देत नाहीत. पहिले सहा महिने गोळी दिली तर बऱ्याच जणांचे टळतात. आधीपासून खडे असतील आणि दुखत असेल तर पिशवी एकाच वेळी काढावी, त्यात शहाणपण आहे. धडधाकट पिशवीला मात्र हात लावू नये.

"घरात जागा कमी पडली म्हणून म्हातारीला बाहेर काढता का?" ते म्हणाले.

मी म्हणाले, काढतात की, आमच्या कॉलनीत दोघांनी काढलीय. त्यावर ते असे हसले की वॉचमन बघायला आला. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "पत्रकवाली" झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या दवाखान्यात हात असलेली एकही खुर्ची नव्हती. आधी होत्या. एकदा एका पेशंटला खुर्चीतून उठताच येईना, ती खुर्चीसकट उठली आणि रांगेतली माणसं हसली. डॉक्टरांनी ओपीडी थांबवली, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून करवत आणली आणि सगळ्या खुर्च्यांचे हात स्वतः कापले. हसलेल्या माणसांना खुर्च्या धरायला लावल्या. वजनकाटा पडद्याआड. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, ही नर्सना सक्त ताकीद. जाड्या पेशंटांना ते "मालक" आणि "मालकीणबाई" म्हणायचे आणि बारीक नातेवाइकांवर खेकसायचे. कुणी म्हणालं, हिचं तोंडच आवरत नाही हो डॉक्टर, की ते विचारायचे, "आणि तुमचं?" फार चिडले तर कानडीत शिरायचे. अक्कलकोटकडचे पेशंट तेव्हा खाली मान घालून हसायचे. बाकीच्यांना तेवढीच सुटका.

आता मामीकडं येते.

माझ्या मामीची वैरागला खानावळ आहे, मार्केट यार्डाच्या अंगाला. हमाल, आडते, एसटीचे ड्रायव्हर, सगळे तिच्या हातची भाकरी खाऊन मोठे झालेत. आणि तिच्याच खानावळीत बसून, तिचीच भाकरी मोडत लोक म्हणायचे, "मालकीण, खानावळ चालवताय का खाताय?" ती हसायची. मी तिथं असले की ताट ओढून घ्यावंसं वाटायचं. मामीची साखर वाढलेली, गुडघे गेलेले. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्रभर झोप नाही, आणि दिवसा तव्यावर भाकरी टाकताना डुलकी. दोनदा हात भाजला होता. ती म्हणाली मला ऑपरेशन करायचंय, तेव्हा मी विरोध केला. बाईनं बारीकच असलं पाहिजे हा बाजाराचा हुकूम आहे, तू त्याला बळी पडू नको, असं बरंच बोलले. मामीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला उभं राहून पत्रकं वाटाय येत्यात," ती म्हणाली. "मला उभंच राहाय येत न्हाय."

मीच तिला डॉक्टरांकडं घेऊन गेले.

तिची साखर आणि छातीतली जळजळ बघून डॉक्टरांनी जठराचा बायपास करायचं ठरवलं, म्हणजे जठराचा बराचसा भाग बाजूला टाकून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवायचं. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ निघालं. मामा हिशेबी माणूस. तो म्हणाला, डॉक्टर, पोट उघडणारच हाय तर लगेहात ती पिशवी बी काढा की, पुन्यांदा हेलपाटा नको. डॉक्टरांनी त्याला म्हातारीचं उदाहरण ऐकवलं. मामाची आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती, त्यामुळं विषय तिथंच मिटला. माझी मान ताठ झाली. आमच्या पत्रकातलं तत्त्व माझ्याच घरात पाळलं जात होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी स्वतः गोळ्या हातात दिल्या आणि पित्ताच्या गोळीबद्दल बजावलं. सहा महिने चुकवायची नाही. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवल्यावरच घ्यायची. मामीनं मान हलवली. गोळीचं ते वाक्य लक्षात ठेवा.

उन्हाळा संपेपर्यंत मामी ओळखू येईना. खानावळीत ती उभी राहून वाढायला लागली. मग श्रावण आला. मामीचे सोमवार पूर्वीपासूनचे, पण पूर्वी ती शाबूची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी असा उपास करायची. आता भूकच लागत नव्हती, म्हणून तिनं कडक धरले, पाणी आणि चहा. पुढं गुरुवार धरले. पुढं संकष्टी. नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर आणि घोटभर दुधावर राहिली. गावातल्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या. जन्मभर जिला खादाड म्हणून हिणवलं, तिला आता तपस्विनी म्हणत होते. बाईनं खाल्लं तर टोमणा, नाही खाल्लं तर नमस्कार. मला याचा संताप येतो आणि येतच राहील. पण मामीला तो नमस्कार किती गोड लागला असेल, हेही मला कळतं.

दसऱ्यानंतर तिच्या उजव्या कुशीत कळा सुरू झाल्या. त्या पाठीत जायच्या. गावातल्या एका डॉक्टरनं ॲसिडिटीची गोळी दिली. मग थंडी वाजून ताप आला. मामा म्हणाला, डोळे जरा पिवळे दिसत्यात. मी फोनवरच ओरडले, गाडी करा आणि निघा.

डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले आणि शेंगदाणे खिशात परत टाकले. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बारीक खडे, आणि त्यातला एक घसरून पित्ताच्या नळीत अडकलेला. त्यामुळंच कावीळ, त्यामुळंच ताप. एरवी अशा वेळी तोंडातून दुर्बीण घालून, जठरातून पुढं जाऊन तो खडा ओढून काढतात. मामीचा बायपास झालेला. त्यांनी मामाला कागदावर काढून दाखवलं. हायवेला बायपास झाला की गाड्या गावाबाहेरूनच जातात, जुना स्टँड गावात तसाच असतो पण तिथं कुणी उतरत नाही. खडा त्या जुन्या स्टँडच्या पुढच्या गल्लीत अडकलाय, तोंडातून जाणाऱ्या गाडीला तो रस्ताच नाही. पोटावर छोटी छिद्रं पाडून बाजूला पडलेल्या जठरात शिरायचं आणि तिथून दुर्बीण घालायची. दुर्बिणीचा डॉक्टर पुण्याहून येईल, तोवर तापावर औषध चालू.

"न्हाय केलं तर?" मामानं विचारलं.

"तर जाईल," डॉक्टर म्हणाले. ते कधी गोल बोलायचे नाहीत.

मग ते मामीकडं वळले. गोळ्या घेतल्या होत्या का? मामी म्हणाली, घेतल्या की. मामानं पिशवीतून डबा काढला, शेंगाचटणीचा रिकामा डबा. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या, कितीतरी न फोडलेल्या. मला वाटलं आता डॉक्टर कानडीत जाणार. ते गेले नाहीत. तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि हळू आवाजात विचारलं, हे काय, मालकीणबाई.

"तुमीच म्हणला हुता की, रिकाम्या पोटी घ्याची न्हाय," मामी म्हणाली. "उपासाला पोट रिकामंच असतंय."

ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं तंतोतंत पाळलं. जेवणाचा दिवस, गोळीचा दिवस. उपासाचा दिवस, गोळीलाही उपास. आणि उपास वाढत गेले तशा गोळ्या डब्यात साठत गेल्या. शिवाय उपासामुळंच पिशवी निपचित पडून राहिलेली. ज्या दिवशी गोळी सर्वांत जास्त हवी, नेमकी त्याच दिवशी ती डब्यात.

डॉक्टरांनी न फोडलेल्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझी आई सोमवार धरायची. मी याच मातीतला. आणि मला सुचलं नाही."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मामा बाहेर माझ्यावर फिरला. तुझ्या पत्रकानं घात केला, तवाच पिशवी काढली असती तर आज ही येळ आली नसती. तोच विचार मलाही पोखरत होता. डॉक्टर बाहेर आले, हिरवी टोपी डोक्यावर तशीच. खडा निघाला होता, पिशवीही काढली होती, मामी ठीक होती. मामानं तोच प्रश्न त्यांच्या तोंडावर मारला. तेव्हाच का नाही काढली?

"तेव्हा काढली नाही ती चूक नाही," ते म्हणाले. "उद्या अशीच दुसरी बाई आली तर तिचीही काढणार नाही. गोळी सांगताना मी चुकलो. ती चूक माझी. दोन्ही एकात कालवू नका, पाव्हणं."

मला राग आवरेना. मी म्हणाले, मी हे छापणार. तुमच्यासारखे लोक तोंडातल्या तोंडात चार शब्द टाकतात, समोरची बाई कुठून आली, काय खाते, कधी खात नाही, हे विचारत नाहीत, आणि मग पेशंटनं ऐकलं नाही म्हणून मोकळे होतात. मला वाटलं ते खेकसतील.

"छाप," ते म्हणाले. "माझं नाव घाल."

आम्ही पत्रक काढलं. "उपास असला तरी गोळी चुकवू नका. घोटभर दुधाबरोबर घ्या, आणि पाण्यावरचे उपास करण्याआधी डॉक्टरांशी बोला." खाली लिहिलं, एका मूर्ख सर्जननं हे न सांगितल्यामुळं एका बाईचा जीव धोक्यात आला. नाव घातलं नाही, गटात मतभेद झाले. डॉक्टर चिडले, म्हणाले भित्रे आहात. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या ओपीडीच्या दारात उभं राहून तेच पत्रक वाटायला लागले. लोक गोंधळून हातात घ्यायचे. ते बोट ठेवून दाखवायचे, "हे मूर्ख सर्जन लिहिलंय ना, तो मी. आत या."

तेव्हापासून ऑपरेशनआधी त्यांचा पहिला प्रश्न साखरेचा नसायचा, वजनाचा नसायचा. उपास किती धरता? बाईला विचारायचे, मग सासूला वेगळं विचारायचे, कारण सून खोटं बोलते हे त्यांना कळून चुकलं होतं. पुरुष हसायचे तर त्यांना रोजे, शनिवार, एकादश्या सगळं विचारायचे. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर बायकांशी तोडक्यामोडक्या तेलुगूत, विजापूर वेशीतल्या चाचींशी दखनीत बोलायचे. एका चाचींनी त्यांना सांगितलं, डॉक्टरसाब, आप तो काजीसे भी जादा पूछते. ते म्हणाले, काजी पोट कापत नाहीत.

पुढच्या वर्षी नवरात्र जवळ आलं तेव्हा त्यांचा मला फोन आला. मामी काय करणार आहे? मी म्हणाले, पिशवी काढलीय, आता खड्यांची भीती कसली. ते भडकले. बायपास झालेल्या माणसाच्या अंगात साठा राहत नाही, नऊ दिवस पाण्यावर राहिली तर उभी राहायची नाही. मी मामीला विचारलं. ती म्हणाली, घट बसल्यावर बघू. हे तिचं उत्तर मला घाबरवणारं होतं. गावाला तपस्विनीची सवय लागली होती, आणि तपस्विनीला गावाची.

घटस्थापनेच्या दुपारी डॉक्टर स्वतः वैरागला आले. पेशंटच्या घरी जायची त्यांची पद्धत नव्हती, मी तर तसं कधी ऐकलं नव्हतं. खानावळ बंद होती. आत घट बसलेला, दिवा लागलेला, आजूबाजूच्या पाचसहा बायका दर्शनाला आलेल्या. डॉक्टर बूट काढून भिंतीला टेकून खाली बसले आणि लगेच सुरू झाले. अंगात रक्त किती, ताकद किती, चक्कर येऊन पडलात तर. मामी घटाला फूल वाहत होती. त्यांचं संपेपर्यंत तिनं मान वळवली नाही. मग पदर खोचून त्यांच्यासमोर बसली.

"डाक्टरसायेब, उपास म्हंजी काय? भूक लागली असताना ती देवीसाठी मागं सारायची. मला भूकच लागत न्हाय. मागल्या साली नऊ दिस मी काय सोडलं? काय बी न्हाय. ह्या बायकांनी पाया पडून घेतलं आन् मी पडू दिलं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मग औंदा?" डॉक्टरांनी तिच्याच बोलीत विचारलं.

"औंदा खाणार. घास गिळताना माझ्या जिवावर येतंय, ठावं हाय तुमास्नी. जे जड जातंय तेच द्याचं असतंय की देवीला."

ती आत गेली आणि मुगाची घट्ट आमटी घेऊन आली, वाटीभर. घटासमोर बसली. कुणीतरी पुटपुटलं, पहिल्या माळंला अन्न? मामानं त्या बाईकडं असं बघितलं की ती पदर तोंडाला लावून बसली. मामीनं पहिला चमचा घेतला, डोळे मिटून गिळला. दुसऱ्याला थांबली. कपाळावर घाम आला. तिसरा घशाशी अडकला तसा डॉक्टरांच्यातला डॉक्टर जागा झाला. ते पुढं सरकून म्हणाले, सावकाश, बारीक घास, पाणी मध्येच पिऊ नका.

"गप बसा हो," मामी म्हणाली. "नेमात बोलत न्हाईत."

जन्मात कुणाचं न ऐकलेला तो माणूस गप्प बसला. मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून. वाटी रिकामी होईपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.